दोन वह्यांचा मेळ



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु माणसाच्या नित्याच्या वापरातील साधनांनाही इतिहास असतो. अमुक वस्तू कोणाच्या ताब्यात असावी आणि तिच्यावर अंतिम शब्द कोणाचा असावा, हे राज्यकारभारातले प्रश्न तेथेही उपस्थित होतात. आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेली घटना दिसावयास अगदी लहान आहे. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांसाठी ‘मॅव्हरिक्स’ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणारी व्यवस्था, प्रसिद्ध केली. ती ज्यांनी घेतली त्यांच्या ध्यानात आले की, टेबलावरचा संगणक आणि खिशातला फोन यांतील पत्ते व भेटीगाठींची टिपणे केबल जोडून एकसारखी करून घेण्याची सोय नाहीशी झाली आहे. पुढे सातव्या महिन्यात ती सोय परत आली. एवढीच ती हकीकत. परंतु या सात महिन्यांच्या मागे वीस वर्षांचा प्रवास आहे, आणि त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, जो आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आज येऊन बसला आहे.

प्रथम हा ‘मेळ’ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीवरून आलेला ‘सिंक’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. पण आमच्या मते आपल्या पेढीवरचा ‘मेळ’ हाच शब्द त्याला अधिक शोभतो. रोजमेळ घालणारा मुनीम काय करतो? दोन ठिकाणी लिहिलेला एकच व्यवहार जुळतो की नाही हे तो पाहतो. संगणक आणि फोन यांचेही तेच आहे. एकाच पत्त्यांच्या वहीच्या दोन प्रती आहेत अशी कल्पना करा. एक प्रत घरी, एक खिशात. सकाळी बाजारात असताना खिशातल्या प्रतीत एका स्नेह्याचा नवा पत्ता लिहिला. त्याच वेळी घरी कोणी त्याच स्नेह्याच्या जुन्या पत्त्यात दुरुस्ती केली. संध्याकाळी दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या, तर खरी कोणती? आणि एका प्रतीत नाव आहे व दुसऱ्या प्रतीत नाही, तर ते पहिलीत नव्याने आले की दुसरीतून मुद्दाम खोडले? हा प्रश्न क्षुल्लक नाही. चांगल्या चांगल्या अभियंत्यांना त्याने घाम फोडला आहे.

या प्रश्नाचे सामान्य माणसाला परवडेल असे उत्तर १९९६ साली अमेरिकेत मिळाले. जेफ हॉकिन्स या अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेले ‘पाम पायलट’ हे तळहाताएवढे यंत्र त्या वर्षी बाजारात आले. यंत्र घडविण्यापूर्वी हॉकिन्स त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत असत आणि ते यंत्रच आहे असे समजून त्यावर टिपणे घेतल्याचा अभिनय करीत असत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या यंत्राबरोबर एक छोटी बैठक मिळे. बैठक केबलने संगणकाला जोडलेली असे. यंत्र तिच्यात ठेवून एक बटण दाबले की दोन्हींकडच्या वह्या जुळत. प्रत्येक नोंदीवर ‘बदललेली’, ‘खोडलेली’ अशा खुणा यंत्र आपल्यापाशी ठेवीत असे आणि त्यांवरून मेळ घाली. या सर्व व्यवहारात तिसऱ्या कोणाचे काम पडत नव्हते. इंटरनेट बंद असले तरी चाले, आणि यंत्र बनविणारी कंपनी उद्या बुडाली तरी आज रात्रीचा मेळ अडत नव्हता.

ॲपल कंपनीने हीच परंपरा पुढे चालविली. जानेवारी २००१ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या कंपनीचे पुढील धोरण सांगितले, त्याचे सार असे की, कॅमेरा, गाण्यांचे यंत्र, खिशातली टिपणवही ही सारी साधने ज्याच्याभोवती फिरतील असे केंद्र म्हणजे घरचा संगणक. ते धोरण तिने अनेक वर्षे पाळले. २००२ साली ‘आयसिंक’ या नावाने मेळ घालणारा कार्यक्रम जाहीर झाला. २००५ सालच्या ‘टायगर’ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेळ घालण्याची यंत्रणा संगणकाच्या पायातच बसविण्यात आली. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक साधनांचा परस्परांशी मेळ घालावयाचा, तर तंटा सोडविण्यासाठी एक प्रमाणप्रत हवी. अशी एक प्रत ही यंत्रणा संगणकावर ठेवीत असे, आणि तिला अभियंत्यांनी इंग्रजीत जे नाव दिले होते त्याचा अर्थ ‘सत्याचा संग्रह’ असा होतो. श्रोत्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. सत्यप्रत होती, ती मालकाच्या घरी होती, आणि फोन, टिपणवही वगैरे मंडळी तिच्याकडे येऊन आपापल्या चुका दुरुस्त करून जात असत. २००७ साली आयफोन आला तोही प्रथम याच घरचा आश्रित होता. संगणकाला जोडल्यावाचून तो सुरूदेखील होत नसे.

मग ही सत्यप्रत घराबाहेर गेली कशी? येथे आम्हांला न्यायाने बोलले पाहिजे. केबलचा मेळ काही रामराज्य नव्हते. लोक फोन जोडावयास विसरत. आठवडाभराच्या विसराळूपणानंतर जोडला की एकेका माणसाची दोन-दोन, तीन-तीन नावे वहीत उमटत. फोन हरवला तर शेवटच्या मेळानंतरचे सगळे गेले. घरात एकाच्या जागी तीन-चार साधने आली तेव्हा प्रत्येकाला रोज संगणकापाशी नेऊन बसविणे हा एक नवाच उद्योग झाला. शिवाय ज्यांच्याकडे संगणकच नाही अशा कोट्यवधी लोकांच्या हाती फोन येऊ लागले होते. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला तो संगणकावाचून चालणारा होता. त्याची पत्त्यांची वही गूगलच्या यंत्रांवर असे आणि हवेतून आपोआप जुळे. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फोन ७’ काढला, त्यात आउटलुकमधील पत्ते व टिपणे केबलने जुळविण्याची जुनी सोय नव्हतीच. तेव्हा हा काही एका कंपनीचा लहरीपणा नव्हता. तो काळाचा ओघ होता.

ॲपलनेही हीच वाट धरली. २००८ सालचा तिचा ‘मोबाइलमी’ हा प्रयत्न सुरुवातीलाच रखडला आणि पुष्कळ टीकेचा धनी झाला. नंतर जून २०११ मध्ये जॉब्स यांनी ‘आयक्लाउड’ जाहीर केले, आणि दहा वर्षांपूर्वीचे आपलेच धोरण उलटे केले. घरचा संगणक आता केंद्र राहणार नाही. फोनासारखेच तेही एक साधन. केंद्र म्हणजे दूरवरची कंपनीची यंत्रे. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या ‘लायन’मधून आयसिंक वगळण्यात आले. तरी पायातली जुनी यंत्रणा शिल्लक होती. आयट्यून्स या कार्यक्रमामार्फत केबलने आयफोनचा मेळ घालता येत होता. मॅव्हरिक्समध्ये ती यंत्रणाच काढून टाकण्यात आली. सत्यप्रतीचे स्थलांतर अशा रीतीने पूर्ण झाले.

आता हे स्थलांतर ज्या क्षणी झाले तो क्षण पाहा. मॅव्हरिक्सच्या साडेचार महिने आधी, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेली अमेरिकन हेरखात्याची कागदपत्रे ‘गार्डियन’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. ‘प्रिझम’ नावाच्या योजनेखाली ज्या कंपन्यांकडून माहिती मिळत असल्याचे त्यांत नमूद होते, त्या यादीत ॲपलचे नाव ऑक्टोबर २०१२ या तारखेसह होते. आपण सरकारला आपल्या यंत्रांत थेट प्रवेश दिलेला नाही, असे कंपनीने त्याच वेळी सांगितले. खरेखोटे काही असो. आपली वही कोणाच्या घरी ठेवावी याचा विचार सामान्य माणूस कधी नव्हे तो त्या उन्हाळ्यात करू लागला होता. आणि त्याच वर्षी ती वही घरी ठेवण्याची वाट बंद झाली.

शिवाय ती बंद झाली ती फुकटच्या भेटीच्या वेष्टनात. लायनला सुमारे ३० डॉलर पडत, माउंटन लायनला २०. मॅव्हरिक्स मात्र विनामूल्य होते. दोनशेहून अधिक नव्या गोष्टी त्यात आहेत अशी जाहिरात होती. काय नवे आले ते कंपनी मोजून सांगते. काय गेले त्याची जाहिरात जगात कोणीच करीत नाही. धर्माची गाय मिळाली की तिचे दात कोणी पाहत नाही, ही म्हण आपल्याकडे आहे. लोकांनी दात पाहिले नाहीत आणि गाय घरात बांधली. मागे फिरणेही सोपे नव्हते. जुनी प्रणाली परत बसवावयाची तर संगणक पुसून, राखून ठेवलेल्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभारावे लागे. डिसेंबर २०१३ मध्ये निघालेला नवा मॅक प्रो तर मॅव्हरिक्सच्या आधीच्या कोणत्याही प्रणालीवर चालणारच नव्हता. सप्टेंबरात फोनसाठी आयओएस ७ निघाली होती आणि तिच्याशी जुळवून घ्यावयास आयट्यून्सचीही नवी आवृत्ती घ्यावी लागे. एका पायरीवर पाय ठेवला की पुढची पायरी आपोआप पायाखाली येते, अशी ही रचना असते.

त्यात एक गंमतही होती. विंडोजच्या संगणकावर आयट्यून्स चालवून आउटलुकमधल्या पत्त्यांचा आयफोनशी केबलने मेळ घालणे त्या काळातही शक्य होते. म्हणजे परक्याच्या संगणकाला जी मुभा होती, ती कंपनीच्या स्वतःच्या संगणकाला नव्हती!

कोणी विचारील, यात एवढे बिघडले काय? क्लाउड आहे, फुकट आहे, आपोआप चालते. जे काम हाताने होत होते ते आता हवेतून होते. तक्रार कशाची?

याचे उत्तर देताना आम्ही श्रोत्यांना एका गोष्टीकडे पाहावयास सांगतो. पत्त्यांची वही ही तिच्या मालकाची असते. परंतु तिच्यात लिहिलेली नावे मालकाची नसतात. ती इतरांची असतात. डॉक्टरच्या वहीत रोग्यांची नावे असतात, वकिलाच्या वहीत पक्षकारांची, वार्ताहराच्या वहीत त्याला विश्वासाने बातमी देणाऱ्यांची. मनोविकारतज्ज्ञाच्या टिपणवहीत मंगळवारी चार वाजता कोण येणार हे लिहिलेले असते, आणि तेवढी एक ओळ बाहेर गेली तरी त्या माणसाचे नुकसान होऊ शकते. या माणसांनी कंपनीच्या करारावर सही केलेली नाही. त्यांनी विश्वास टाकला तो डॉक्टरवर. डॉक्टरने ती वही तिसऱ्याच्या घरी ठेवावी की नाही हे ठरविण्याचा हक्क केबलने त्याला दिला होता. केबल गेली तसा तो हक्क गेला, आणि उरली ती फक्त सोय.

कायद्याच्या दृष्टीनेही भेद मोठा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली बँकेच्या खात्यांविषयी आणि १९७९ साली टेलिफोनवर फिरविलेल्या क्रमांकांविषयी असा निवाडा दिला की, जी माहिती माणूस आपण होऊन तिसऱ्याच्या हाती देतो, ती खाजगी राहील अशी अपेक्षा त्याला धरता येत नाही. २०१८ साली त्या न्यायालयाने फोनच्या ठावठिकाण्याच्या नोंदींपुरती या तत्त्वाला मर्यादा घातली. तत्त्व मोडले नाही. घरच्या कपाटातली वही आणि दुसऱ्याच्या पेढीवर ठेवलेली वही यांत न्यायालय भेद करते, तर आपण तो का करू नये? रोग्यांच्या माहितीच्या गुप्ततेसाठी अमेरिकेत १९९६ सालचा कायदा आहे. आणि आयक्लाउडच्या करारात अशी अट आहे की, त्या कायद्याखाली येणाऱ्यांनी रोग्यांची संरक्षित माहिती या सेवेत ठेवू नये. एका हाताने दुसरी वाट बुजवावयाची आणि दुसऱ्या हाताने या वाटेवर ‘तुम्हांस प्रवेश नाही’ अशी पाटी लावावयाची, तर त्या बिचाऱ्या डॉक्टरने जावे कोठे?

लोकांनी नाना उपाय केले. कोणी जुन्या माउंटन लायनवरच ठाण मांडून राहिले. कोणी वह्यांचा मेळ घालणारे इतरांचे कार्यक्रम विकत घेतले. ज्यांना तंत्र अवगत होते त्यांनी घरातच स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला. हे शक्य झाले याचे श्रेय काही जुन्या सार्वजनिक नियमांना आहे. टिपणवह्यांच्या देवघेवीचा ‘कॅलडॅव्ह’ हा नियम मार्च २००७ मध्ये आणि पत्त्यांच्या देवघेवीचा ‘कार्डडॅव्ह’ हा ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हे नियम कोणाच्या मालकीचे नाहीत. आयक्लाउडही पत्त्यांसाठी व टिपणांसाठी त्यांचाच उपयोग करते. म्हणून फोनला ‘तुझे केंद्र कंपनीकडे नव्हे, माझ्या माळ्यावर आहे’ असे सांगता येत होते. राजमार्ग बंद झाला तरी गावकीची पाऊलवाट राहिली, ती अशी. पण पाऊलवाट माहीत असणारे किती? जो सुजाण होता तो सुटला. ज्याला फक्त केबल लावता येत होती तो अडकला.

१५ मे २०१४ रोजी मॅव्हरिक्सची १०.९.३ ही आवृत्ती आणि आयट्यून्सची ११.२ ही आवृत्ती निघाली, आणि त्यांच्याबरोबर पत्ते व टिपणे केबलने जुळविण्याची सोय परत आली. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘कॅटालिना’ने आयट्यून्सचे विभाजन केले तेव्हाही ही सोय मोडली नाही; ती फाइंडर या मूळ कार्यक्रमात हलविण्यात आली. गेलेली गोष्ट परत येते, असे संगणकाच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडते. म्हणून या लहानशा घटनेचे आम्हांला मोल वाटते. काळाचा ओघ म्हणून जे सांगितले जाते त्यातले काही खरोखर ओघ असते आणि काही कोणी तरी घातलेला बांध असतो. बांध काढता येतो, हे मे २०१४ ने दाखविले.

क्लाउडने या काळात आपली कुलुपे मजबूत केली हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने असे कुलूप देऊ केले की, ज्याची किल्ली कंपनीपाशीही नसते. छायाचित्रे, टिपणे, राखीव प्रती हे सारे त्याखाली येते. परंतु टपाल, पत्ते आणि दिनदर्शिका या तीन गोष्टी त्यातून वगळलेल्या आहेत. कारण गूढ नाही: जे खुले नियम आम्ही आताच वाखाणले, त्यांच्याद्वारे इतर कार्यक्रमांशी देवघेव करावयाची तर सर्व्हरला ती माहिती वाचता आली पाहिजे. म्हणजे ज्या दोन वह्यांच्या मेळाविषयी आपण आज बोलत आहो, नेमक्या त्याच दोन वह्या या मोठ्या कुलुपाच्या बाहेर आहेत. आणि हे कुलूपही सर्वांना कायमचे मिळाले असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील नव्या ग्राहकांना ते देणे कंपनीने बंद केले. किल्लीविषयी तेथील सरकारचा आग्रह असल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या होत्या. दुसऱ्याच्या घरच्या कुलपाचा हा धर्मच आहे. ते कितीही मजबूत असले तरी त्याविषयीचा निर्णय आपल्या घरी होत नाही.

आपल्या देशाचे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. मात्र माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीस हा कायदा लागू होत नाही. तसे असणे योग्यच आहे. सरकारने आपल्या घरची पत्त्यांची वही तपासत बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण याचा अर्थ असा की, आपल्या वहीतल्या शेपाचशे नावांचा सांभाळ कायद्याने आपल्या विवेकावर सोपविला आहे. फोन नवा घेताना ‘होय, होय, पुढे’ असे दाबत जाताना आपण ती नावे कोणाच्या हवाली करतो, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

क्लाउड टाकून द्या असा आमचा उपदेश नाही. ज्याचा फोन हरवला आणि दुसऱ्या दिवशी सगळी नावे नव्या फोनात जशीच्या तशी मिळाली, तो आमचे ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. आमचे म्हणणे एवढेच की, ठेव पेढीवर ठेवणे वेगळे आणि घरात पेटी ठेवण्याची बंदी होणे वेगळे. पहिली सोय आहे, दुसरी ताबेदारी आहे, आणि या दोहोंतला फरक पेटी असेपर्यंतच कळतो. म्हणून नवी प्रणाली दारात आली की काय मिळणार याबरोबर काय जाणार हे विचारावे. जुन्याची एक प्रत राखल्यावाचून नवे घेऊ नये. आणि वर्षातून एकदा तरी आपली वही साध्या, सर्वत्र वाचता येईल अशा रूपात उतरवून स्वतःच्या कपाटात ठेवावी. पत्त्यांसाठी १९९० नंतरच्या दशकात ठरलेले ‘व्हीकार्ड’ हे असेच साधे रूप आहे, आणि ते आजही बहुतेक प्रत्येक फोनला वाचता येते.

मॅव्हरिक्स केव्हाच मागे पडले आहे. त्याच्या नंतर कितीतरी आवृत्त्या आल्या आणि येत राहतील. प्रत्येक आवृत्तीबरोबर सत्यप्रत कोणाच्या घरी ठेवावयाची हा प्रश्न पुन्हा नव्याने, आणि बहुधा न विचारताच, सोडविला जाईल. तो विचारून सोडविला जावा, आणि उत्तर देणाऱ्यांत आपणही असावे, एवढीच या सात महिन्यांच्या इतिहासाची शिकवण आम्ही आपल्यापुढे ठेवतो.